“तुला नाही कळायचं!”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या ग्रंथालयातले एक जाडजूड पुस्तक घेऊन मी घरी गेले होते. दिवसभर खुरपणी करून आई घरी आली आणि चुलीपुढे बसली. मी दिव्याखाली वाचत होते. भाकरी थापता थापता तिने विचारले, “येवढं काय वाचतीस गं?” मी मान वर न करताच म्हटले, “तुला नाही कळायचं, आई.” ती काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली, एवढेच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. आईला सहीपुरतेही अक्षर येत नाही. “तुम्हाला नाही कळायचं” हे वाक्य आमच्या घराला नवे नाही. कचेरीत कागद पुढे केला, दवाखान्यात आजाराचे नाव विचारले, सावकाराकडे व्याजाचा हिशेब मागितला, की तेच ऐकावे लागे. फरक एवढाच, की आजवर ते बाहेरचे लोक आम्हाला म्हणत. त्या संध्याकाळी ते आमच्याच घरात, माझ्याच तोंडून निघाले.

योगायोग असा, की मी वाचत होते ते पुस्तक या वाक्याच्याच भांडणाचे होते. भांडण सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे. रोम, लियाँ, कार्थेज आणि अलेक्झांड्रिया या शहरांतले. एका बाजूला नॉस्टिक म्हणून ओळखले गेलेले गुरू, दुसऱ्या बाजूला आरंभीच्या काळातले ख्रिस्ती धर्मपिते. वाद येशूविषयी आणि सत्याविषयी. मी ख्रिस्ती नाही. माझा विषय इतिहास आहे. तेव्हा येशू देव होता की नव्हता या प्रश्नात मी शिरणार नाही. सत्य कुणाच्या मालकीचे, या प्रश्नापुरतेच मला या वादाविषयी दोन शब्द लिहायचे आहेत.

‘नोसिस’ म्हणजे ग्रीक भाषेत ज्ञान. आपल्या ‘ज्ञान’ शब्दाचाच तो भाऊबंद. दोन्ही एकाच जुन्या धातूपासून आलेले. नॉस्टिक हा काही एकच पंथ नव्हता. त्यांत अनेक गुरू होते आणि अनेक मते होती. त्यांतला सर्वांत नावाजलेला गुरू व्हॅलेंटिनस. तो इजिप्तचा, इ. स. १४० च्या सुमारास रोमला येऊन शिकवू लागला. त्याच्या शिष्यांची मांडणी थोडक्यात अशी : खरा परमेश्वर या जगाच्या फार पलीकडे आहे. त्याच्यापासून तीस दिव्य तत्त्वे निर्माण झाली. त्यांतल्या सर्वांत धाकट्या तत्त्वाचे, म्हणजे सोफियाचे, प्रज्ञेचे, पाऊल चुकले. त्या चुकीतून पुढे एक अजाण कारागीर-देव निर्माण झाला आणि हे जग त्याने घडवले. मात्र काही माणसांच्या आत त्या पलीकडच्या प्रकाशाची ठिणगी अडकून राहिली आहे. तिची ओळख पटणे हीच मुक्ती, आणि ती ओळख करून द्यायला तारणारा आला.

हे सारे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. देव चांगला असेल तर जगात एवढे दुःख कुठून आले, हा प्रश्न त्यांना छळत होता. तो आपल्यालाही छळतो. पण त्यांच्या उत्तरातून दोन गोष्टी निघाल्या आणि त्यांवरून ठिणगी पडली.

पहिली गोष्ट येशूच्या देहाची. हे जग अजाण कारागिराचे, तर त्यातला मातीचा देह तारणाऱ्याला कसा असेल? म्हणून काहींनी म्हटले, की येशूचा देह दिसला तेवढाच. तो खरा नव्हता. ग्रीक भाषेत ‘भासणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्यावरून या मताला ‘डोसेटिझम’ असे नाव पडले. आपण त्याला आभासवाद म्हणू. बॅसिलिडीस नावाच्या गुरूचे मत म्हणून असे नोंदलेले आहे, की क्रुसावर प्रत्यक्षात कुरेनेचा शिमोन खिळला गेला आणि येशू त्याचे रूप घेऊन बाजूला उभा राहून हसत होता!

या आभासवादाला अगदी आरंभी उत्तर दिले ते अंत्युखियाच्या इग्नेशियसने. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातली ही गोष्ट. हा म्हातारा बिशप दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेला जात होता. तिथे त्याला हिंस्र पशूंपुढे टाकायचे होते. वाटेत त्याने मंडळ्यांना पत्रे लिहिली. त्याचा युक्तिवाद साधा आहे. येशूने केवळ सोसल्यासारखे दाखवले असेल, तर मी या बेड्यांत कशासाठी आहे? माझे मरण तर भास नाही! त्याच पत्रांत तो असाही आरोप करतो, की असे मत सांगणाऱ्यांना विधवेची, पोरक्याची, बंदिवानाची, भुकेल्याची फिकीर नसते.

ही पत्रे वाचताना मला वडिलांच्या खांद्यावरचे घट्टे दिसत होते. देह हा भास आहे असे म्हणणे, ज्याचा देह दुखत नाही त्याला सोपे जाते. पोती वाहणाऱ्याला ते सांगून पाहावे. कार्थेजच्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ताच्या देहावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. बाळंतपण, रक्त, दुपटे या गोष्टींची ज्यांना किळस येते त्यांना तो फटकारतो. माणूस असाच जन्मतो. याची किळस असेल तर माणसावर प्रेम कसे करणार, असा त्याचा प्रश्न आहे. या प्रश्नाला उत्तर देणे अवघड आहे.

दुसरी गोष्ट सत्याची, आणि माझ्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची. येशूने लोकांना उघडपणे जे सांगितले ते वेगळे आणि निवडक शिष्यांच्या कानात सांगितले ते खरे, असा अनेक नॉस्टिक गुरूंचा दावा होता. इतकेच नव्हे, तर व्हॅलेंटिनसच्या शिष्यांनी माणसांचे तीन प्रकार केले होते, असे त्यांचे विरोधक सांगतात. आत्मिक, मधले आणि मातीचे. मातीची माणसे नष्टच व्हायची. मधल्यांना श्रद्धेने आणि सत्कर्माने मधली जागा मिळेल. आत्मिक मात्र स्वभावतःच तरलेले. सोने चिखलात पडले तरी सोनेच राहते, तसे ते काहीही करोत, त्यांना डाग लागत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. जन्मानेच कुणी सोने आणि कुणी माती, हे आपल्या देशात राहणाऱ्या मुलीला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या दाव्याला सर्वांत मोठे उत्तर दिले आयरेनियसने. याचे बालपण आशिया मायनरमध्ये गेले. तिथे स्मर्ना येथे त्याने वृद्ध बिशप पॉलिकार्पला ऐकले होते. आणि पॉलिकार्पने प्रभूला पाहिलेल्यांना ऐकले होते, असे तो अभिमानाने सांगतो. पुढे तो गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लियाँ शहरी आला. इ. स. १७७ मध्ये तिथे ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस तुरुंगात मेला. ब्लँडिना नावाच्या गुलाम मुलीचे हाल करून तिला मारले. आयरेनियस त्या वेळी मंडळीचे पत्र घेऊन रोमला गेला होता, म्हणून वाचला. परत आल्यावर त्या होरपळलेल्या मंडळीचा तो बिशप झाला. इ. स. १८० च्या सुमारास त्याने नॉस्टिक मतांच्या खंडनाचे पाच भागांचे पुस्तक लिहिले.

प्रस्तावनेतच तो माफी मागतो. मी केल्ट लोकांत राहतो, त्यांच्याच बोलीत बोलायची सवय झाली आहे. तेव्हा माझ्याकडून अलंकारिक भाषेची अपेक्षा ठेवू नका, असे त्याचे म्हणणे. मला हा माणूस तिथेच आवडला. पहिल्या वर्षी वर्गात उभे राहून बोलताना ‘न्हाई’ निघून गेले की माझीही अशीच अवस्था होत असे!

आणि माणूस विनोदी आहे. नॉस्टिकांच्या तत्त्वांची लांबलचक वंशावळ सांगून झाल्यावर तो म्हणतो, नावेच ठेवायची तर मीही ठेवतो. सर्वांच्या आधी होता भोपळा. त्याच्याबरोबर महाशून्य. दोघांपासून झाली काकडी, खायला गोड. आणि तिच्यापाठोपाठ खरबूज! पवित्र वचनांचा नॉस्टिक कसा अर्थ लावतात हे सांगताना त्याने दिलेला दाखलाही असाच चपखल आहे. कुशल कारागिराने रंगीत खड्यांतून राजाचे चित्र केले. कुणी तेच खडे उचलून कोल्ह्याचे चित्र मांडले आणि म्हणाला, पाहा, हाच तो राजा; खडे तर तेच आहेत ना! अवतरणे देऊन काहीही सिद्ध करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी हा दाखला वहीत लिहून ठेवावा.

पण त्याचा मुख्य मुद्दा असा. प्रेषितांजवळ काही गुप्त ज्ञान असते, तर ते त्यांनी कुणाला दिले असते? ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच ना? आणि त्या मंडळ्यांत तर सर्वांसमोर, सर्वांसाठी एकच गोष्ट शिकवली जाते. म्हणजे सत्य चव्हाट्यावर आहे. ज्याला पाहायचे त्याने यावे आणि पाहावे. याच ओघात तो अक्षरशत्रू लोकांचा दाखला देतो. कितीतरी रानटी समजल्या जाणाऱ्या जमातींत कागद नाही, शाई नाही; तरी विश्वास त्यांच्या अंतःकरणात लिहिलेला आहे, असे तो म्हणतो. एवढा विद्वान माणूस मोठ्या वादात निरक्षरांना साक्षीला बोलावतो! ज्यांना “तुला नाही कळायचं” म्हणून बाहेर ठेवले, त्यांना तो आत घेतो. माझ्या मते या सगळ्या वादातले हे सर्वांत मोठे पाऊल होय.

इथेच लेख संपवला असता तर बरे झाले असते. पण त्याच परिच्छेदात पुढचे वाक्य आहे. त्या निरक्षर लोकांना कुणी त्यांच्याच भाषेत ही पाखंडी मते सांगितली, तर ते कान झाकून घेऊन दूर पळून जातील, असे आयरेनियस कौतुकाने लिहितो. मला प्रश्न पडला, कान का झाकायचे? सत्य उघड्यावर असेल तर त्याला ऐकण्याची भीती का? निरक्षर माणसाला विश्वास ठेवता येतो हे आयरेनियसने मान्य केले. त्याला शंका घेता येते, प्रश्न विचारता येतो, हे मात्र त्याने धरले नाही. माझ्या आईसाठी त्याने दार उघडले, आणि आत आल्यावर तिला गप्प बसायला सांगितले.

टर्टुलियन तर याच्याही पुढे गेला. कायद्याच्या भाषेत बोलत त्याने दावा दाखलच करून घ्यायला नकार दिला. शास्त्र आमच्या मालकीचे. पाखंड्यांना त्यातून वाद घालण्याचा हक्कच नाही, हा त्याचा पवित्रा. अथेन्सचा आणि यरुशलेमचा संबंध काय, असे विचारून त्याने तत्त्वज्ञानालाही बाहेर काढले. त्याच पुस्तकात त्याची एक तक्रार आहे. पाखंड्यांच्या बायका फार धीट. शिकवतात काय, वाद घालतात काय! त्याला हा दोष वाटला. मला त्या बायकांविषयी कुतूहल वाटले. नॉस्टिक वाङ्मयाजवळचे ‘मरियेचे शुभवर्तमान’ म्हणून एक लहानसे पुस्तक आहे. त्याची कॉप्टिक प्रत १८९६ मध्ये कैरोत विकत घेतली गेली आणि १९५५ मध्ये छापून निघाली. त्यात मरिया येशूची शिकवण सांगते आणि पेत्र संतापून विचारतो, आम्हाला सोडून त्याने हे एका बाईला कसे सांगितले? तेव्हा लेवी तिची बाजू घेतो. म्हणजे “तुला नाही कळायचं” हे वाक्य फक्त नॉस्टिकांच्याच तोंडी होते असे समजण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंना ते येत होते.

मग उत्तर कसे द्यावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते अलेक्झांड्रियात सापडते. तिथल्या क्लेमेंटने ‘नॉस्टिक’ हा शब्दच विरोधकांना सोडून दिला नाही. खरा ख्रिस्ती तोच खरा नॉस्टिक, असे तो म्हणाला. ग्रीक तत्त्वज्ञानाला घाबरणाऱ्या आपल्याच बांधवांना त्याने सोंगाच्या मुखवट्याला भिणाऱ्या मुलांची उपमा दिली. आपण त्याला बागुलबुवा म्हणू. खोट्या ज्ञानाला उत्तर अज्ञानाने देता येत नाही, हे त्याने ओळखले होते.

आणि त्याच्यानंतरचा ओरिजेन. योहानाच्या शुभवर्तमानावरची आपल्याला माहीत असलेली सर्वांत जुनी टीका लिहिली ती हेराक्लिऑन नावाच्या व्हॅलेंटिनसच्या अनुयायाने. ओरिजेनला ती मान्य नव्हती. म्हणून त्याने काय केले? स्वतः त्याच शुभवर्तमानावर टीका लिहायला घेतली. त्यात हेराक्लिऑनची वाक्ये जागोजाग उतरवून घेतली आणि एकेकाला उत्तर दिले. एखाद्या ठिकाणी तर, याचे हे म्हणणे अगदीच न पटण्याजोगे नाही, अशी कबुलीही दिली. हेराक्लिऑनचे मूळ पुस्तक नष्ट झाले. आज त्याचे जवळजवळ पन्नास उतारे शिल्लक आहेत, ते बहुतेक सारे त्याच्या विरोधकाच्या पुस्तकात! कुणी जन्मतः तरलेला नाही आणि कुणी जन्मतः बुडालेला नाही. माणसाला निवड करण्याचे स्वातंत्र्य आहे, हेही ओरिजेनने ठामपणे मांडले. त्याचा धनिक स्नेही अँब्रोस पूर्वी व्हॅलेंटिनसच्या मताचा होता. ओरिजेनने त्याला वादाने, समजावून, आपल्या बाजूला आणले. आणि मग त्याच अँब्रोसने ओरिजेनचे बोलणे टिपून घ्यायला सात-आठ लघुलेखक पदरी ठेवले. कान झाकून घेतले असते, तर हे घडले असते काय? (याच ओरिजेनला पुढे इ. स. ५५३ च्या धर्मसभेने पाखंड्यांच्या यादीत बसवले, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे.)

माझ्या म्हणण्याला एक पुरावा जमिनीतून निघाला आहे. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ खताची माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक रांजण सापडला. त्यात कातडी बांधणीच्या तेरा कॉप्टिक पोथ्या होत्या, चौथ्या शतकातल्या. त्यांत पन्नासच्या आसपास ग्रंथ. तोवर नॉस्टिक काय म्हणत हे मुख्यतः त्यांच्या शत्रूंच्या तोंडून ऐकावे लागे. आता ते स्वतः बोलू लागले. १९७७ मध्ये हे ग्रंथ इंग्रजीत एकत्र छापले गेले.

त्यामुळे दोन गोष्टी ताडून पाहता आल्या. आयरेनियसने दिलेली एक हकीकत या रांजणातल्या ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ या ग्रंथाशी बरीचशी जुळते; म्हणजे त्याने अभ्यास केला होता, हवेत बाण मारले नव्हते. हे त्याच्या बाजूने झाले. पण त्याने ज्याला नावे ठेवली ते ‘सत्याचे शुभवर्तमान’ही, बहुतेक अभ्यासकांच्या मते, याच पोथ्यांत आहे. ते वाचले तर काय दिसते? त्यात येशू लाकडाला खिळला गेल्याचे सांगितले आहे. अज्ञानाचे भय धुक्यासारखे दाटते असे वर्णन आहे. आणि अडखळणाऱ्याला आधार द्या, आजाऱ्याला हात द्या, भुकेल्याला खाऊ घाला, असा उपदेशही आहे. भुकेल्याची फिकीर नसलेले लोक असा इग्नेशियसचा आरोप मी मघाशी सांगितला. तो ज्यांच्याविषयी बोलत होता ते लोक वेगळे आणि आधीचे, हे खरे. पण अशा आरोपांवरून आपण सगळ्याच नॉस्टिकांना एका माळेत ओवत आलो होतो. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे शिकायला रांजण फुटावा लागला.

तेव्हा माझे मत असे. सत्य मूठभरांचे गुपित नाही, हे धर्मपित्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि देहाची भूक खरी आहे हेही बरोबर होते. पण उघड्या सत्याला पहारा लागत नाही. त्याला लागते ती ओरिजेनसारखी तयारी : समोरच्याचे वाक्य पूर्ण लिहून घ्यायची आणि मग उत्तर द्यायची. आपल्या कॉलेजात माझ्यासारखे अनेकजण आहेत, ज्यांच्या घरात आजवर पदवी आलेली नाही. चार पुस्तके वाचली, की आपणही नकळत आत्मिकांच्या गटात जाऊन बसतो आणि आपल्याच माणसांना मातीत ढकलतो. मी बसले होते. प्राध्यापक मंडळींनीही, राग मानणार नसाल तर, “हे परीक्षेला नाही, तुम्हाला नाही कळायचं” असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, अशी नम्र विनंती आहे.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा मी आईजवळ चुलीपुढे बसले आणि हे सारे तिला सांगितले. भोपळा आणि काकडीला ती पोट धरून हसली. मग म्हणाली, “मंग त्येला खरंच भूक लागायची का न्हाई?” मी म्हटले, “आई, याच्यावरच तर भांडण होतं.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने विचारले, “आन् ते दुसरं लोक? त्येंचं कुणी ऐकून घेतलं का?”

मी तिला ओरिजेनची गोष्ट सांगू लागले. तव्यावर लक्ष ठेवायला तिने मलाच बसवले होते. सांगता सांगता भाकरी करपली, आणि बोलणी मात्र मला खावी लागली.